गिरणीमावशीची परीक्षा

"थंड लागेल हं जरा," असं म्हणत त्या तरुणाने स्टेथोस्कोपची चकती पुढे आणली, तेव्हा तिने त्याचं मनगट अलगद अडवलं. चकती स्वतःच्या दोन्ही तळहातांत धरली, तिच्यावर हलकीशी फुंकर घातली आणि अंडं द्यावं तशी जपून त्याच्या हातात परत दिली.

"आता लाव."

तो ओशाळून हसला. कपाळावर घाम होता आणि पांढऱ्या कोटाचं वरचं बटण भलत्याच काजात गेलं होतं. ते नीट लावायला तिचे हात शिवशिवले. लाँड्रीच्या काउंटरवर आयुष्य गेलेल्या बाईला चुकलेलं बटण बघवत नाही. पण परीक्षा त्याची होती. तिने हात चादरीखाली घेतले आणि छताकडे पाहत पडून राहिली.

पडद्यापलीकडच्या खाटेवरून आवाज आला, "दाबा हो, दाबा! संकोच नको. आमची पानथरी घरचीच आहे, पळून नाही जात!"

हे पानथरीदादा. त्यांच्या पोटात डाव्या बाजूला पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून बेंबीपर्यंत आलेली होती. डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना परीक्षेत खरे आजारी तपासायला देतात. मुलांनी हाताने चाचपून, कानाने ऐकून रोग ओळखायचा आणि परीक्षकांना सांगायचा. अशा परीक्षेसाठी कॉलेजने बोलावलेली ही नेहमीची माणसं. त्यांना तिथे 'केस' म्हणत. पानथरीदादा म्हणायचे, "आपण दोघं इथले कायमचे प्राध्यापक. फक्त आपल्याला उभं राहून शिकवावं लागत नाही."

तिची केस छातीतली होती. डावीकडे, गळ्याच्या हाडाच्या जरा खाली, एक आवाज अखंड चालू असायचा. बाकीच्यांच्या छातीत ठोका, मग शांतता, मग ठोका. तिच्या छातीत शांतताच नव्हती. ठोक्यांच्या मधली जागासुद्धा एका घरघरीने भरून गेलेली, दूरवर पिठाची गिरणी चालू असावी तशी. म्हणून मुलांनी तिचं नाव ठेवलं होतं गिरणीमावशी. तिला ते आवडायचं. नावाने हाक मारणारं तसं दुसरं कोण होतं? लाँड्रीत ती 'अहो बाई' होती आणि भावाच्या घरी फोनवरची 'ताई'.

केसने आपल्या रोगाचं नाव मुलांना सांगायचं नाही, असा तिथला नियम. पहिल्याच दिवशी कॉलेजच्या मोठ्या सरांनी तो तिला हसत सांगितला होता. तिने तो नेम म्हणून घेतला. पहाटे उठून देवापुढे हात जोडल्याशिवाय ती पाण्याचा घोट घ्यायची नाही, तसंच हे. किती मुलं रडवेली झाली, किती जणांनी "मावशी, थोडंसं तरी सांगा ना," म्हणून गळ घातली. तिने चकती गरम करून दिली, पाठीवर हात फिरवला, पण ओठ मिटलेलेच ठेवले.

त्या तरुणाने डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग त्याचा चेहरा उजळला. दर वेळी हेच बघायला ती यायची. कुणीतरी तिच्या छातीशी कान लावतं आणि तिथे जे सापडतं त्याने त्याला आनंद होतो. ज्या आवाजामुळे तिच्याशी लग्न करायला कुणी तयार झालं नाही, तोच आवाज सापडला म्हणून इथे माणसं देवाचे आभार मानत.

परीक्षा संपली. शिपाईमामांनी चहा आणला. बाहेर पडताना जिन्याच्या वळणावरच्या खुर्चीवर ती टेकली. ती खुर्ची मामा तिच्यासाठीच तिथे ठेवत. पूर्वी ती वर चढताना लागायची, हल्ली उतरतानाही लागू लागली होती.

"मावशी, एवढा दम कधीपासून?"

समोर डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. आता हृदयाच्या विभागात त्यांचा दरारा होता, पण एके काळी त्याही पांढऱ्या कोटात थरथरत तिच्या खाटेशी उभ्या राहिल्या होत्या. चकती हातातून सुटून तिच्या नाकावर पडली होती.

"वय झालं, दुसरं काय!" ती म्हणाली.

"वय माझंही होतंय. उद्या सकाळी माझ्याकडे या. परीक्षेसाठी नाही, तुमच्यासाठी."

*

दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी तिच्या छातीवर गार चिकट लेप लावला आणि एक बोथट दांडी फिरवायला सुरुवात केली. पडद्यावर करड्या सावल्या उघडमीट करत होत्या. मग बटण दाबलं गेलं आणि त्या करड्या रंगात एक लाल-पिवळी ज्योत फडफडू लागली.

"ही बघा तुमची गिरणी."

तिने मान उंचावली. इतकी वर्षं दुसऱ्यांना दाखवलेली गोष्ट ती स्वतः पहिल्यांदा पाहत होती. "एवढीशी?"

"एवढीशीच. पण जन्मापासून थांबलेली नाही." डॉक्टरीणबाई सावकाश सांगू लागल्या. बाळ आईच्या पोटात असताना त्याची फुफ्फुसं काम करत नाहीत. म्हणून हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये एक छोटी वाट असते, रक्ताला बाहेरच्या बाहेर जाऊ देणारी. बाळ जगात येऊन रडलं की दोनचार दिवसांत ती वाट आपोआप मिटते. "तुमची मिटली नाही. त्यामुळे शुद्ध झालेलं रक्त परत फुफ्फुसांकडे जातं, पुन्हा येतं, पुन्हा जातं. हृदयाला एकच काम दोनदा करावं लागतं. आता ते थकलंय. डावी बाजू ताणली गेलीय आणि फुफ्फुसांकडचा दाब वाढायला लागलाय."

देवाने उघडी ठेवलेली वाट मिटवायची त्याच्याकडून राहून गेली, असं तिच्या मनात आलं. इतकी बाळं जन्माला घालायची म्हणजे एखादं दार लावायचं राहणारच. त्याच्यावर रागवावं असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"छाती कापायची?"

"छे! ते जुनं झालं. मांडीतून बारीक नळी घालायची, तिच्यातून तारेच्या जाळीचं बूच वर न्यायचं आणि त्या वाटेत बसवून टाकायचं. पण आत्ता. दाब फार वाढला तर मग ती वाट बंदही करता येत नाही, बंद केली तर जिवावर बेततं." त्या थांबल्या. "तुम्हाला आधी कुणी सांगितलं नाही हे?"

"मोठे सर विचारायचे, त्रास नाही ना? मी नाही म्हणायचे. मग म्हणायचे, राहू द्या तर."

डॉक्टरीणबाई तिच्या छातीवरचा लेप कापसाने पुसत राहिल्या, पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

"बुजवल्यावर आवाज...?" तिने विचारलं.

"जाणार की! वाटच नाही तर आवाज कुठून येईल?"

"मग परीक्षेला?"

"कसली परीक्षा?" डॉक्टरीणबाईंना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्या हसल्या, "मावशी, परीक्षेसाठी कुणी आजार सांभाळून ठेवतं का?"

तीही हसली. विनोद चांगला होता.

*

घरी येऊन तिने दिवा लावला, भात टाकला आणि भावाला फोन केला.

"अगं ताई, मग करून टाक ना! एवढं सोपं असेल तर विचार कसला करतेस?" भाऊ म्हणाला. "मी येतो. म्हणजे या पंधरवड्यात जरा अवघड आहे, धाकटीचं कॉलेज बघायचंय..."

मागून वहिनीचा आवाज आला, "त्यांना म्हणावं नंतर आठ दिवस इकडे येऊन राहा... म्हणजे पाहुणे जाऊ देत आधी, मग."

"नको येऊस," ती म्हणाली. "इथे सगळे ओळखीचेच आहेत."

ते खोटं नव्हतं. अर्ध्या हृदयविभागाने कधी ना कधी तिच्या छातीशी कान लावला होता.

अंथरुणावर डाव्या कुशीला वळून तिने तळहात गळ्याच्या हाडाखाली ठेवला. तिथे नुसता आवाज नव्हता, स्पर्श होता. मांडीवर मांजर घुरघुरावं तशी बारीक थरथर. लहानपणी शाळेतल्या तपासणीत डॉक्टरांनी तिची छाती ऐकून दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, तेव्हा आपण काहीतरी छान केलं आहे असं तिला वाटलं होतं. मग पळणं बंद झालं. मैदानाच्या कडेला बसून ती मैत्रिणींच्या चपला सांभाळायची. पुढे मुलगी बघायला माणसं येत तेव्हा आई आधीच सांगून टाकायची, "हिच्या छातीत आवाज आहे, लपवाछपवी नको." माणसं चहा संपवून उठत. मग आई गेली, भावाचा संसार दुसऱ्या गावी गेला. ही थरथर मात्र कुठे गेली नाही. उशीला कान लावला की आतून ऐकू यायची. खोलीत दुसरं कुणी जागं आहे असं वाटायचं.

आणि ही थरथर गेली की परीक्षेला बोलावणारा, वर्षातून दोनदा येणारा शिपाईमामांचा फोनही जाणार. एवढंच होतं तिच्याजवळ सोडण्यासारखं. पण एवढंच होतं.

लाँड्रीत कपड्यांचं गाठोडं तिच्याने उचलेना. गिऱ्हाइकंच आत येऊन उचलून ठेवू लागली. मालक म्हणाले, "अहो बाई, तुम्ही फक्त चिठ्ठ्या टाचा, बाकी राहू द्या." राहू द्या हा शब्द तिला या वेळी बरा वाटला नाही. तरीही तिने डॉक्टरीणबाईंकडे जाणं टाळलं. एक महिना गेला, दुसरा गेला, चार महिने झाले.

मग एके दुपारी शिपाईमामांचा अवेळी फोन आला.

"मावशी, पानथरीदादा गेले. परवाच."

पडद्यापलीकडची ती खाट, ते "दाबा हो, दाबा!" तिला दादांचं घर माहीत नव्हतं, नावही माहीत नव्हतं. कुणाच्या दारात जाऊन बसायचं?

"मागे कोण आहे त्यांच्या?"

"असेल कुणीतरी. मावशी, मी म्हटलं तुम्हाला विचारावं, तुमच्या ओळखीत आहे का कुणी पानथरीवाला? परीक्षा दोन महिन्यांवर आलीय आणि मला सांगितलंय, दुसरा शोध म्हणून."

"नाही हो मामा," ती म्हणाली. फोन ठेवून तिने समोरच्या शर्टाला चिठ्ठी टाचली, आणि टाचणी बोटात गेली तेव्हा तिला कळलं की आपण शर्टाकडे बघतच नव्हतो.

संध्याकाळी ती डॉक्टरीणबाईंच्या दारात उभी राहिली. "बुजवून टाका," ती म्हणाली.

*

टेबल गार होतं आणि ती जागीच होती. मांडीत टोचल्याचं कळलं, पुढचं काही कळलं नाही. काचेपलीकडे कुणी आकडे वाचत होतं. डॉक्टरीणबाईंनी आधी बूच नुसतं वाटेत बसवून पाहिलं, सोडलं नाही. फुफ्फुसांकडचा दाब उतरतो का, याची सगळे वाट बघत होते. ती मनात देवाचं नाव घेत होती, आणि काय मागावं ते तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

"उतरला," कुणीतरी म्हणालं.

"मावशी, सोडते हं आता."

"सोडा."

संध्याकाळी डॉक्टरीणबाई तिच्या खाटेशी आल्या. स्टेथोस्कोपची चकती त्यांनी आधी स्वतःच्या तळहातांत धरली, फुंकर घातली, मग छातीवर टेकवली. ऐकताना त्यांचा चेहरा उजळला. मग कानातली टोकं काढून त्यांनी तिच्या कानांत घातली.

"ऐका."

ठोका. मग काही नाही. मग ठोका. मग पुन्हा काही नाही. रिकाम्या जिन्यावरून कुणी एकटंच चाललं असावं तसं.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच. सगळ्यांचं एवढंच असतं, मावशी."

घरी आल्यावर ती खडखडीत बरी झाली. गाठोडी उचलू लागली, बाजारातून न थांबता घरी येऊ लागली. मालकांनी तिला तरुण झालात म्हणून चिडवलं. भावाने फोनवर सुटकेचा निःश्वास टाकला, तो तिला ऐकू आला. डाव्या कुशीवर वळून ती तळहात जुन्या जागी ठेवायची. मांजर उठून गेलेल्या मांडीसारखी ती जागा सपाट होती. आपण बऱ्या झालो याबद्दल ती सकाळी देवाचे आभार मानायची, आणि ते मनापासून असायचे. उशीला कान लावायची मात्र तिने सवय सोडली. ती उताणी झोपू लागली.

*

"मावशी, सोमवारी या बरं का! चहा नेहमीचा, दोन साखरेचा." शिपाईमामांचा फोन होता. त्यांना काहीच माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाई परदेशी शिकायला गेल्या होत्या आणि कायमच्या केसची पुन्हा तपासणी करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

सांगायला तिने तोंड उघडलं. "येते," असं बाहेर पडलं.

सोमवारी ती धुतलेली साडी नेसून गेली. जिन्याच्या वळणावर खुर्ची होती. ती न थांबता वर गेली. पलीकडच्या खाटेवर नवा पानथरीवाला होता, अबोल. तिच्या खाटेशी एक मुलगी आली. हडकुळी, नखं कुरतडलेली. मावशीने तिच्या हातातली चकती घेतली, गरम करून दिली.

मुलीने ऐकलं. जागा बदलली, पुन्हा ऐकलं. डोळे मिटले. मग तळहात टेकवून पाहिला. तिच्या भुवया जवळ आल्या. पडद्याच्या फटीतून कुणीतरी कुजबुजलं, "नशीबवान आहेस! गिरणीमावशी आहे. डोळे मिटून सांगून टाक!"

मुलगी वाकून हळूच म्हणाली, "मावशी, तुम्हीच ना त्या?"

तिने मान डोलावली.

"मग मला का येत नाही ऐकू?" मुलीच्या डोळ्यांत पाणी भरलं. "सगळ्यांना येतं. पहिल्या वर्षापासून सगळे सांगतात तुमचा आवाज कसा आहे ते. मला तो पाठ आहे. माझे कानच खराब आहेत का हो? मागच्या वेळीही मी हृदयातच नापास झाले."

आपल्याला इथे कुणी बोलावलं म्हणून आपण आलो, एवढाच विचार तिने केला होता. या पोरीचा केला नव्हता. आता ही जे पाठ आहे ते सांगेल आणि बुडेल. किंवा काहीच नाही म्हणायला घाबरेल आणि बुडेल. तो नेम तिने कधी मोडला नव्हता. रोगाचं नाव सांगायचं नाही. पण आता सांगायला रोग तरी कुठे होता?

घंटा वाजली. परीक्षकांची पावलं जवळ आली.

तिने मुलीची कुरतडलेली बोटं आपल्या हातात घेतली. "बाळ, लोकांनी ऐकलेलं राहू दे," ती म्हणाली. "तू जे ऐकलंस तेच सांग."

पडदा सरकला. परगावाहून आलेले परीक्षक पुढे आणि कॉलेजचे एक तरुण डॉक्टर मागे. "बोला," परीक्षक म्हणाले.

मुलगी उभी राहिली. "सर, ठोके नियमित आहेत. जास्तीचा आवाज... मला नाही आला."

मागचे तरुण डॉक्टर चमकले. "अगं, नीट ऐकलंस का? या आमच्या जुन्या..."

परीक्षकांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि स्वतःची चकती टेकवली. ती थंड होती. मावशीने या वेळी ती अडवली नाही. त्यांनी बराच वेळ ऐकलं, मग सरळ झाले.

"बरोबर आहे. काही नाही." मुलीकडे बघून ते म्हणाले, "छान. असंच ऐकत जा."

मुलीने तोंडावर हात दाबला. तरुण डॉक्टरांनी ऐकलं, पुन्हा ऐकलं, आणि कपाळावर हात मारला. "मावशी, बुजवलंत होय! सांगायचं नाही का? उगाच एवढ्या लांब आलात."

"राहिलं सांगायचं," ती म्हणाली.

"बरं झालं हो, फार बरं झालं. आता तुम्हाला यायची गरजच नाही." मग बाहेर डोकं काढून त्यांनी हाक मारली, "मामा, ही खाट रिकामी धरा. पुढच्या मुलाला पलीकडे पाठवा."

तिने ब्लाउजची बटणं लावली, एकेक, त्याच्या त्याच्या काजात. पदर सावरला. चादर घडी करून उशाशी ठेवली, कडा जुळवून, लाँड्रीत ठेवायची तशी. मुलगी जाता जाता मागे वळली, काही बोलावं असं तिच्या चेहऱ्यावर होतं, पण तिला पुढच्या खाटेकडे नेलं गेलं.

मामांनी चहा हातात दिला. त्यांच्या नजरेत ओशाळलेपण होतं. "मावशी, येत जा सहज. चहाला."

"येईन की," ती म्हणाली.

जिना उतरताना तिला दम लागला नाही. वळणावर खुर्ची होती, बसणीवर तिच्याच बसण्याने पडलेला खोलगट आकार. ती पुढे दोन पायऱ्या उतरली. मग परत वर आली आणि खुर्चीत बसली. वरून मुलांचे, परीक्षकांचे, घंटेचे आवाज येत होते. माणसं जिन्यावरून जात-येत होती. तिला दम लागला असेल असं समजून बाजूने वाट काढत होती. पदराखाली, गळ्याच्या हाडाशी, तिने तळहात नेऊन ठेवला आणि चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिली.